हार घातलेलं ॲल्युमिनियम

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उद्घाटन हा एक जोडधंदा आहे. कारखाना औषधाचा असो, रंगाचा असो की कापडाचा, वर्षातून एकदा तरी कोणीतरी येऊन कशाची तरी फीत कापून जातं. मी आजवर पाहिलेल्या उद्घाटनांत एक बोअरवेल होती, मालाची एक लिफ्ट होती आणि एकदा तर दुरुस्त केलेलं फाटक होतं. ते फाटक आधीपासून उघडंच होतं. उद्घाटनासाठी ते मुद्दाम बंद करावं लागलं, आणि मग पाहुण्यांना ते उघडेना.

मी इथल्या एका ॲल्युमिनियमच्या कारखान्यात धातू तपासायचं काम करते. पालघरला राहते, सकाळी कंपनीच्या बसने बोईसरला येते आणि दिवसभर धातूचे तुकडे ओढून, दाबून, कापून, घासून ते किती सहन करतात ते बघते. घरचे म्हणतात, स्वभावाला साजेसं काम मिळालं.

आमच्याकडे काय होतं ते समजायला चकलीचा सोऱ्या आठवला तरी पुरे. तापवलेला ॲल्युमिनियमचा ओंडका प्रेसमध्ये घालतात, मागून दाब देतात, आणि पुढच्या साच्यातून हव्या त्या आकाराची लांबलचक पट्टी बाहेर येते. बाहेर आली की तिच्यावर पाण्याचे फवारे सोडतात. पट्टी चकाकते, सरळ असते, दिसायला अगदी तयार असते. पण ती मऊ असते. ताकद येते ती नंतर, एजिंगच्या भट्टीत. आढीतल्या आंब्यासारखी ती तिथे मंद आचेवर काही तास पडून राहते, आणि तेवढ्यात ॲल्युमिनियममध्ये विखुरलेले मॅग्नेशियमचे आणि सिलिकॉनचे अणू एकमेकांना शोधून सुयांसारखे कण तयार करतात. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा हजारो सुया शेजारी शेजारी मावतील. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पत्ताही लागत नाही. पण धातूची ताकद त्यांच्यात असते. सुया पुष्कळ आणि बारीक असल्या तर पट्टी ताठ राहते. थोड्या आणि थोराड झाल्या तर वाकते. आमच्या पट्ट्यांच्या शिड्या बनतात, त्यामुळे हा प्रश्न तात्त्विक नाही. वर कोणीतरी रंगाचा डबा घेऊन उभा असतो.

आमची जुनी भट्टी प्रेसच्या अगदी शेजारी होती. पट्टी निवाली, कापली, की ढकलगाडीवरून थेट आत. ह्यात कोणाची हुशारी नव्हती. वाटेत माल ठेवायला जागाच नव्हती. मग शेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नवी भट्टी घेतली. मोठी, निळी, हिरवे आकडे दाखवणारी. ती शेडच्या दुसऱ्या टोकाला बसवली, कारण तिथे मंडप घालायला जागा होती.

नारळाची सूचना भट्टीच्या फोरमनची. हा फोरमन किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा. घरच्या बोटी आहेत, भाऊ मासेमारी करतो, बायको पालघरच्या बाजारात मासे विकते. पण ह्याला बोट लागते. मच्छीमाराच्या घरात बोट लागणारा मुलगा म्हणजे हलवायाच्या घरात मधुमेह. म्हणून तो तरुणपणी किनारा सोडून भट्टीपाशी आला आणि तिथे त्याने जे राज्य उभं केलं ते दर्यावर्दी भावालाही जमलं नसतं. भट्टीचं दार तो सोडून दुसऱ्या कोणी उघडलं तर दिवसभर त्याचं तोंड बंद राहायचं, आणि आमच्या कारखान्यात ती मोठीच घटना असायची.

"नारल फोडल्याशिवाय आमच्याकडं बोट पान्यात जात नाय," तो म्हणाला, "तर भट्टी कशी लागंल?"

शेठना कल्पना आवडली आणि त्यांनी ती वाढवली. नारळासाठी भटजी आले, भटजींसाठी मंडप, मंडपासाठी पाहुणे, आणि पाहुण्यांच्या स्वागतासाठी डोंगराकडच्या पाड्यावरून तारपा वाजवणारे. पाहुणे कोण होते ते सांगत नाही. ते सकाळी येणार होते आणि उन्हं कलल्यावर आले, एवढ्या वर्णनावर ओळख पटण्यासारखी नाही. सगळेच तसे येतात. तारपेवाले सकाळपासून उन्हात बसून होते. त्यांनी अखेर तारपा वाजवला तेव्हा पाहुणे फोनवर बोलत होते. मंडपात भट्टीच्या दारासमोर पट्ट्यांनी भरलेली एक गाडी झेंडूचे हार घालून उभी होती. पाहुण्यांनी तिला स्वहस्ते आत ढकललं, हिरवं बटण दाबलं आणि देशाच्या प्रगतीबद्दल चार शब्द सांगितले. चार म्हणजे बोलायची पद्धत.

दुसऱ्या दिवशी माल बाहेर आला. मी त्याचे तुकडे ओढायच्या यंत्रात लावले. हे यंत्र तुकड्याला दोन्ही बाजूंनी खेचतं आणि तो किती जोराला शरण गेला ते सांगतं. आमचे तुकडे लवकर शरण गेले. मी दुसऱ्या पट्टीचे कापले, तिसरीचे कापले. सगळ्यांचं एकमत होतं. ह्या पट्ट्यांची शिडी करता आली नसती.

शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. फोरमनला आधीच उभं केलेलं होतं.

"भट्टी नवी आहे," शेठ म्हणाले. "जर्मन पद्धतीची आहे. म्हणजे चूक माणसाची."

"जर्मन पद्धतीची म्हणजे बनवली कुठे?" मी विचारलं.

"राजकोटला. पण पद्धत जर्मन." ते फोरमनकडे वळले. "तू माल जास्त भाजलास. नवी भट्टी तुला झेपली नाही. वापीला एक माणूस आहे, सर्टिफिकेटवाला. पुढच्या महिन्यापासून तो भट्टी बघेल. तू पॅकिंगला जा. पगार तोच राहील."

थोड्या वेळाने फोरमन माझ्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला.

"मॅडम, शेठ म्हनतात मी माल भाजला."

"भाजलात का?"

"आकडा बरोबर होता. विश्वास नाय तर भट्टीला विचारा."

"भट्टी बोलत नाही."

"म्हनून तर फोरमन ठेवतात." त्याने स्टूल पुढे ओढलं. "पॅकिंगला मी काय करनार? पट्टीला कागद गुंडालनार? बोट लागते म्हनून दर्या सोडला. आता भट्टी पन गेली तर काय, बायकोच्या शेजारी बाजारात बसू?"

"बसा की."

"ती बसू नाय देनार. ती म्हनंल, गिऱ्हाईक पलंल."

माझी अडचण अशी होती की ओढायचं यंत्र माल कमजोर आहे एवढंच सांगतं, का ते सांगत नाही. जास्त भाजलेला माल कमजोर असतो, कमी भाजलेलाही असतो, आणि आणखीही काही कारणं असतात. ती ओळखायची तर त्या सुयाच पाहायला हव्यात, आणि त्याला अणू दिसतील असा इलेक्ट्रॉनचा सूक्ष्मदर्शक लागतो. मुंबईतल्या एका संस्थेत तसं यंत्र होतं आणि त्यावर काम करणारे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. औषधाचे नव्हे, धातूचे. मी शेठकडे परवानगी मागायला गेले तेव्हा वाद होईल असं वाटलं होतं. पण 'अणू' हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा उजळला. आमच्या मालाची अणुपातळीवर तपासणी होते असं माहितीपत्रकात छापता येईल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी निकाल तर येऊ द्या.

डॉक्टरांना मी तीन तुकडे पाठवले. एक जुन्या भट्टीतल्या चांगल्या मालाचा, एक उद्घाटनाच्या मालाचा आणि एक मी स्वतः प्रयोगशाळेच्या लहान भट्टीत मुद्दाम जास्त भाजलेला. कोणता कोणता ते सांगू नका, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं. "कोणाला वाचवायचंय ते मला कळलं," ते फोनवर म्हणाले, "तर माझे डोळे त्याच्या बाजूने मोजायला लागतात. सगळ्यांचेच लागतात." तुकड्यांवर क, ख, ग एवढंच लिहिलं. पुढे त्यांनी ते घासून घासून इतके पातळ केले की इलेक्ट्रॉन आरपार जावेत, आणि मग आम्हाला बोलावलं.

आम्हाला म्हणजे मला. पण फोरमन ठरलेल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईच्या लोकलमध्ये आधीच बसलेला होता. "आरोपी हाय मी," तो म्हणाला. "मला हजर ऱ्हायाचा हक्क हाय." त्याच्या मांडीवर डब्यात सुके बोंबील होते, डॉक्टरांसाठी.

डबा सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दारातच अडला.

"हे आत नाही," डॉक्टर म्हणाले. "वास म्हणजे हवेत उडणारे रेणू. ते नमुन्यावर जाऊन बसतात."

"मुरब्याचा बोंबील हाय," फोरमन म्हणाला, जणू गैरसमज तेवढ्यानेच दूर होईल.

"तरीही."

ह्यात खरं किती आणि सोवळं किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चपला बाहेर काढायच्या होत्या. फोन बंद. मोठ्याने बोलायचं नाही, येरझारा घालायच्या नाहीत, कारण पावलांनी जमीन हलते आणि जमिनीबरोबर अणू. खोलीत अंधार होता आणि मधोमध ते यंत्र, माणसापेक्षा पुष्कळ उंच, पांढरं, निवांत. विज्ञानाने कर्मकांड सोडलं असं ज्यांना वाटतं त्यांनी अशा खोलीत एकदा जाऊन यावं. फोरमनने आत पाऊल टाकताच हात जोडले आणि माझ्या कानाशी कुजबुजला, "दर्शन कंदी हाय?"

दर्शन पडद्यावर होतं. आधी करडं धुकं दिसलं, मग डॉक्टरांनी एक चकती हळूहळू फिरवली आणि धुक्यातून ठिपके वर आले. ओळीने, रांगेने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. एकेक ठिपका म्हणजे वरून पाहिलेली अणूंची एकेक उतरंड.

फोरमन बराच वेळ बघत राहिला. "जालं हाय हे," तो म्हणाला. "नायलॉनचं. नवं कोरं."

"हे तुमचं ॲल्युमिनियम," डॉक्टर म्हणाले. "आणि ही इथे सुई. टोकाकडून दिसतेय." जाळ्यात एका जागी वीण बदललेली होती, ठिपके वेगळ्याच नक्षीत बसले होते.

"आमची गाडी भरून माल होता," फोरमन म्हणाला. "त्यातला तुमी बगता केवडा?"

"धुळीच्या कणाहूनही कमी."

"मग बाकीचा कोन बगनार?"

डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "म्हणूनच एका फोटोवर बोलायचं नसतं," ते म्हणाले. "वेगवेगळ्या जागांचे पुष्कळ फोटो घ्यायचे, प्रत्येकातल्या सुया मोजायच्या, लांबी-जाडी मोजायची, आणि मग तोंड उघडायचं. माझ्या क्षेत्रात बरेच जण दुसरं काम आधी करतात."

मोजणी हे काम ऐकायला सोपं वाटतं. आम्ही तिघांनी एकच फोटो मोजला आणि तीन उत्तरं आली. डॉक्टरांच्या संगणकाने चौथं दिलं. त्याने फोटोवरचे दोन डागही सुया म्हणून धरले होते. कडेला अर्धी कापली गेलेली सुई धरायची का? एकमेकींवर आलेल्या दोन सुया एक की दोन? फिकट दिसते ती सुई की नुसती सावली? प्रत्येकाला नियम हवा, आणि तो सगळ्या फोटोंना सारखा लावायला हवा. फोरमनचा आकडा सगळ्यांत मोठा यायचा. पुष्कळ सुया म्हणजे चांगला माल, हे कळल्यापासून त्याला कुठेही सुया दिसू लागल्या होत्या. शेवटी डॉक्टरांनी त्याला खुर्चीवरून उठवलं. तो माझ्या मागे जाऊन उभा राहिला आणि तिथून मनात मोजत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

दुपार झाली तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

"क मध्ये सुया पुष्कळ, बारीक. हा उत्तम माल. ग तर सरळ भाजलेला आहे. जास्त भाजलं की सुईची जातच बदलते, आतले अणू वेगळ्या नक्षीत बसतात. ही बघा ती नक्षी."

"आणि ख?"

"ख गमतीचा आहे. जात बरोबर. नक्षी थेट क सारखी. म्हणजे भट्टीत जे व्हायचं ते नीट झालंय. पण सुया थोड्या आहेत आणि अंगाने थोराड. हा भाजलेला नाही. हा भट्टीत जायच्या आधी कुठेतरी बसून राहिला होता."

ख म्हणजे उद्घाटनाचा माल. मी तसं सांगितलं. फोरमनने एक लांब श्वास सोडला, आणि डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र हललं म्हणून त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"बसून कसा राहील?" मी म्हणाले. "सकाळी प्रेसमधून निघाला, संध्याकाळी पाहुणे आले. तेवढ्याने एवढा फरक?"

"सकाली नाय," फोरमन म्हणाला. "आदल्या दिशी काढला."

"आदल्या दिवशी? का?"

"ताज्या पट्टीला पाहुन्यांचा हात कसा लावनार? गरम ऱ्हाते, तेलकट ऱ्हाते. शेठ बोलले, थंड, सुका, चकचकीत पायजे. मी आदल्या सांजेला काढला, एकेक पट्टी पुसली, गाडीवर रचली. हार पन गरम पट्टीवर जलले असते."

डॉक्टरांना हार कसले ते कळेना. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते ऐकता ऐकता हसले नाहीत हे विशेष; फक्त त्यांनी पडद्यावरचा ख चा फोटो पुन्हा एकदा, जरा आदराने, पाहिला. एका पाहुण्याचा उशीर अणूंच्या रांगेत दिसतो हे त्यांच्याही पाहण्यात पहिल्यांदाच आलं असावं.

परतताना फोरमनने मला विचारलं, नुसतं बसून राहिल्याने धातूला काय होतं. मी म्हटलं, लग्नाचा हॉल डोळ्यांपुढे आणा. मुहूर्ताच्या फार आधी पाहुणे आले की काय करतात? कोपऱ्याकोपऱ्यात दोघं-तिघं, चौघं-पाचजण घोळके करून बसतात. मग पंगत मांडली तरी उठत नाहीत, आणि पंगत विरळ बसते. अणूंचंही तसंच. पट्टी बाहेर ठेवली की मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थंडपणीच लहान लहान घोळके करतात. त्या घोळक्यांच्या सुया होत नाहीत, आणि भट्टीत गेल्यावर ते लवकर मोडतही नाहीत. मग सुया होतात त्या मोजक्याच, आणि उरलेलं सगळं त्यांच्याच पानात पडतं. म्हणून त्या थोराड.

त्याला ते पटलं. पटल्यामुळेच तो अस्वस्थ झाला. सफाळं स्टेशन मागे पडलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे नारलानं बिगडला."

"नारळाने नाही. थांबल्याने."

"थांबला कशापायी? पूजेपायी." तो खिडकीबाहेर बघत होता. "मॅडम, तुमी लिवा, भट्टी चुकली. माजी चूक लिवा."

"पॅकिंगला जाल."

"जाईन. पन पूजेनं माल बिगडला असं कागदावर नको. त्यो नारल माज्या आईनं दिलता."

मी आयुष्यात पुष्कळ लोकांना स्वतःवरचा आरोप दुसऱ्यावर ढकलताना पाहिलं आहे. निर्दोष सुटल्यावर देवाला वाचवण्यासाठी आरोप परत मागणारा हा पहिलाच.

शेठचं दुखणं वेगळं होतं. "पाहुणे उशिरा आले असं शिड्या बनवणाऱ्या गिऱ्हाइकाला लिहिता येणार नाही," ते म्हणाले. "अपरिहार्य कारणास्तव असं लिहा."

"शिडीवाला कारण विचारेल."

"मग हवामान लिहा. किनाऱ्याची दमट हवा."

"दमट हवा रोजच असते, शेठ. शिडीवाला म्हणेल, मग रोजचाच माल परत घ्या."

ह्यावर ते विचारात पडले. मग त्यांना वाट सापडली. "बरं, माल थांबला. पण थांबवला कोणी? आदल्या दिवशी काढला कोणी? फोरमनने. म्हणजे वापीचा माणूस येऊ दे." थंड, सुका, चकचकीत हे शब्द कोणाचे होते हे त्यांना आठवत असावं, कारण ते आवाज न चढवता बोलत होते.

तेव्हा मी म्हटलं की तसं लिहायचं तर थंड माल कोणी मागितला तेही लिहावं लागेल, त्यापेक्षा तपासून बघू. नारळ आणि थांबणं ही दोन माणसं एकाच गाडीतून आली होती. चोर कोणता ते कळायला त्यांना वेगवेगळं आणावं लागेल. दोन गाड्या करू. एकीला नारळ फोडायचा आणि प्रेसमधून निघाल्याबरोबर भट्टीत घालायची. दुसरीला नारळ नाही, हार नाही, पाहुणे नाहीत. नुसती एक दिवस बाजूला उभी करायची आणि मग तितकीच भाजायची. भट्टी तीच, फोरमन तोच. पहिली गाडी उत्तम निघाली तर भट्टी, फोरमन आणि नारळ तिघेही सुटले. शेठ म्हणाले, आणि नाही निघाली तर? मी म्हटलं, तर वापीला फोन करा.

फोरमनची एकच अट होती: नारळ मुरब्याचाच हवा. तो त्याने आणला. प्रेसपासून भट्टीपर्यंतची सगळी वाट त्याने सकाळीच मोकळी करून घेतली. पत्र्याचे पिंप, पाण्याची टाकी, कोणाची तरी मोटरसायकल, सगळं बाजूला. गाडी भरली तसे दोघे बिहारी कामगार ढकलायला लागले आणि फोरमन नारळ हातात घेऊन पुढे. "चलो, चलो, रुकना नहीं है," तो ओरडत होता, आणि मधेच देवाशी मराठीत काहीतरी बोलत होता. भट्टीच्या उंबऱ्याच्या लोखंडावर त्याने न थांबता नारळ आपटला, पाणी उडालं, गाडी आत गेली, दार बंद झालं. एवढी सुटसुटीत पूजा मी कधी पाहिली नव्हती.

दोन्ही गाड्यांचे तुकडे मी शेठ आणि फोरमनच्या समोर यंत्रात लावले. मी बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि उत्तर काय येणार हे मला माहीत होतं. तरी पहिला तुकडा ताणू लागला तेव्हा मी यंत्राच्या काट्यावरून नजर हलवली नाही. फोरमन तर काट्याकडे बघतच नव्हता. तो शेठकडे बघत होता. तुकडा ठरलेल्या जोराला पोचला, ओलांडून पुढे गेला, आणि बऱ्याच पुढे जाऊन फटकन तुटला. दुसराही तसाच. मग बाजूला थांबलेल्या गाडीचे लावले. ते उद्घाटनाच्या मालासारखेच लवकर शरण गेले.

"बगा," फोरमन म्हणाला. "नारलाचा पास. बिननारलाचा नापास."

मी त्याला समजावून सांगितलं की ह्या प्रयोगातून असं सिद्ध होत नाही. नारळ निर्दोष आहे एवढंच सिद्ध होतं. त्याने मदत केली की नाही ते बघायला आणखी एक गाडी लागेल, न थांबवलेली आणि नारळही न फोडलेली.

"ती तुमी तुमच्या घरी भाजा," तो म्हणाला.

ती गाडी अजून बाकी आहे. नव्या भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक मालापुढे तो उदबत्ती ओवाळतो, त्यामुळे शुद्ध पुरावा मला मिळण्याची शक्यता नाही. डॉक्टरांना मी हे कळवलं. त्यांनी उत्तरात बोंबलाचा डबा परत पाठवला, रिकामा, धुतलेला, आणि आणखी असतील तर द्या असा निरोप.

शिडीवाल्याला मी एकच वाक्य लिहिलं: प्रेस आणि भट्टी यांच्यामध्ये माल थांबला होता. शेठनी ते दोनदा वाचलं. त्यात पाहुणे नव्हते, पूजा नव्हती, त्यांनी सही केली. बिघडलेला माल वितळवून त्याचे पुन्हा ओंडके केले. वापीच्या माणसाला शेठनी फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि भट्टी फोरमनकडेच राहील असं ठरलं.

पण शेठना कोणतीही गोष्ट नुसती ठरवता येत नाही. त्यांनी शाल मागवली. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यांना भट्टीसमोर बोलावलं. हिशेब बघणारी मुलगी गुच्छ घेऊन आली, स्टोअरवाला फोनवर फोटो काढायला उभा राहिला. शेठनी शालीची घडी उलगडली आणि भाषणाचं पहिलं वाक्य सुरू केलं, तेवढ्यात शेडच्या त्या टोकाकडून प्रेसमधून निघालेली गाडी येताना दिसली.

"शेठ, जरा थांबा," फोरमन म्हणाला.

तो गेला. गाडीवरच्या पट्ट्या त्याने एकदा नीट बसवल्या, खाली वाकून चाकं बघितली, दार उघडलं. गरम हवेचा लोट बाहेर आला आणि गुच्छ धरलेली मुलगी मागे सरली. शेठ दोन्ही हातांत उलगडलेली शाल धरून उभे होते. ती खाली टेकू नये म्हणून त्यांना हात वर ठेवावे लागत होते. गाडी आत गेली. फोरमनने उदबत्ती लावली, ओवाळली, दार लावलं, आकडे पाहिले, काहीतरी बदललं, पुन्हा पाहिले. मग हातमोजे काढून खिशात कोंबले आणि येऊन मान पुढे केली.

शेठनी त्याच्या खांद्यांवर शाल घातली. ती लोकरीची होती. भट्टीच्या दाराशी फोरमनच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "काढू?"

"फोटो होऊ दे," शेठ म्हणाले.

स्टोअरवाल्याचा फोन तापून बंद पडला होता. दुसरा आणायला कोणीतरी ऑफिसकडे पळालं, आणि फोरमन शाल सावरत, बाहीने घाम पुसत, आपल्या भट्टीला पाठ टेकणार नाही अशा बेताने उभा राहिला.